मुंगीचं तोंड कोणी करायचं

या खेपेला ताई स्वतःची हत्यारं घेऊन आली. पिशवीतल्या कपड्यांवर ठेवलेली गुंडाळी तिनं मातीकामाच्या खोलीत पाटावर सोडली. आत बारीक पोलादी कोरण्या, एक चपटी सळई, दोन ब्रश, सगळं कसं लखलखीत. वहिनी तेव्हा ओलं फडकं उचलून माती कितपत मऊ आहे ते बघत होती. तिनं गुंडाळीकडे एकदा पाहिलं आणि काय समजायचं ते समजली. असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत, आणि कोणी सांगायला लागलं तर उलट जास्त राग येतो.

"कवळ्यांच्या कामाची आहेत ही," ताई म्हणाली. "दिवसभर मेणात दात करत असते मी. हात अजून आहे गं माझा."

"असणारच की. हात कुठं जातोय."

"मुंगी कुठंय?"

"शेजारी. साखर सांडली असेल कुठंतरी."

ताई हसली, वहिनीही हसली, आणि फडकं मात्र वहिनीनं मातीवर जरा जास्तच चापूनचोपून बसवलं.

मुंगी सुट्टी संपली की शाळेत जाणार होती. या घरात मूल शाळेत जायच्या आधी त्याची मातीची बाहुली व्हायची. दुकानात जाणाऱ्या बाहुल्या वेगळ्या. त्यांची तोंडं सासूबाईंचा हात थरथरायला लागल्यापासून साच्यातूनच निघत होती आणि गिऱ्हाइकाला त्यातलं काही कळतही नव्हतं. पण घरच्या फळीवरच्या बाहुलीला साचा चालत नव्हता. ती त्या मुलाचीच असायला हवी. धड, हात, वेणी, झग्याच्या चुण्या वहिनीनं आठवड्याभरापूर्वीच करून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. मानेवर नुसता एक गोळा होता. मुलगी तिची, माती तिनं मळलेली, धड तिनं केलेलं, आणि तोंड कोण करणार हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. लग्न होऊन आली त्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, "तोंडं माझ्याकडे. बाकी सगळं तुझं." तेव्हा तिला ते औदार्य वाटलं होतं.

*

चहाच्या वेळी विषय निघाला. दादाला तो निघू नये असं वाटत होतं. पंपदुरुस्ती करणाऱ्या माणसाला गळती कुठून सुरू होणार हे आधी कळतं, आणि कळूनही तो पान्हा हातात घेऊन उभा राहण्यापलीकडे काही करू शकत नाही.

धाकट्या भावानं बेकरीतून ताजे पाव आणले होते. पाव तोडता तोडता तो म्हणाला, "मग वहिनी, मुंगीचं तोंड कधी करतेस?"

ताईनं दादाकडे पाहिलं, दादानं पावाकडे.

"मी आलेय ना त्यासाठी," ताई म्हणाली. "दोन दिवसांची रजा काढून."

"तू आलीस ते बरंच झालं. पण मुलगी वहिनीची आहे."

"मी कुठं नाही म्हणतेय? पण तोंड करायला शिकावं लागतं. आईनं मला शिकवलंय. तू आणि दादा त्या वेळी बाहेर गोट्या खेळत होतात."

"दादा, तू बोल," धाकटा म्हणाला.

दादानं घोट घेतला. चहा फार गरम होता हे बरंच झालं. "ताई इतक्या लांबून आलीय," तो म्हणाला. "आणि शेवटी आई सांगेल तसं."

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. आत भांडं जागेवर ठेवल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजातून दादाला संध्याकाळी काय ऐकावं लागणार ते सगळं ऐकू आलं.

आई खिडकीपाशी बसली होती. उजवा हात डाव्या हातानं मांडीवर दाबून धरलेला. असा धरला की तो कमी थरथरतो, असं ती म्हणायची, पण खरं म्हणजे दिसत कमी होता एवढंच.

"ताईच करेल," ती म्हणाली. "तोंड घरच्या हातानं व्हावं."

धाकट्यानं हातातला पाव खाली ठेवला. "आणि वहिनी कोणाच्या घरची?"

"वाकड्यात शिरू नकोस."

"शिरत नाही. विचारतोय. तूही बाहेरूनच आली होतीस ना, आई?"

"मला सासूबाईंनी शिकवलं होतं."

"मग तू हिला का नाही शिकवलंस?"

दादानं खालून धाकट्याच्या पायावर पाय दिला. पण प्रश्न विचारून झाला होता आणि स्वयंपाकघर काही लांब नव्हतं.

दादा आत गेला तेव्हा वहिनी ओट्याला टेकून उभी होती.

"मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला.

"अहो, मी काय मागितलं? मी तर गप्पच होते."

"तेच म्हणतोय मी."

"तुम्ही काहीच म्हणत नाही आहात. आजवर कधी म्हणाला नाहीत. चहा आणखी हवाय का?"

नको म्हणून तो बाहेर आला. नको म्हणायला नको होतं, हे त्याला बाहेर आल्यावर सुचलं.

*

मातीच्या खोलीत शिरलं की ताईचं वय कमी व्हायचं. तोच ओला वास, भिंतीला तेच ओघळ. कोपऱ्यात अप्पांचा, तिच्या वडिलांचा, हौद होता. अप्पा जुन्या चादरीतून माती गाळायचे, मग अनवाणी पायांनी तुडवायचे, आणि वजन कमी पडतंय म्हणून पोरांना आळीपाळीनं खांद्यावर घ्यायचे. वरून छत हाताला लागायचं. ताई खांद्यावर असली की ते मुद्दाम डगमगायचे, ती त्यांचे केस धरून ओरडायची, आणि आई पाटावरून न बघताच म्हणायची, "पोरगी चिखलात पडली तर तिचीच बाहुली करून ठेवीन." ते दिवस आता कोणाला सांगायचे? नवऱ्याला सांगून झाले होते, मुलाला कंटाळा यायचा. इथं मात्र भिंतींनाही ते ठाऊक होते.

तिनं मुंगीला स्टुलावर बसवलं. मुंगी जेमतेम बसली, मग तिला टाच खाजवायची होती, मग पाणी हवं होतं, मग शेजारच्या मांजरीला एक निरोप द्यायचा होता.

"जा," ताई म्हणाली. "मला येतं तुझं तोंड."

आणि खरंच येत होतं. गोळ्यावर अंगठा टेकला आणि हाताला सगळं आठवलं. आई समोर बसवून सांगायची, डावा हात आपल्या तोंडावर ठेव. हाड कुठं वर येतं, गाल कुठं खाली जातो ते बोटांनी बघ. मग उजव्या हातानं तेच मातीत कर. डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस, डोळे फसवतात. आईला हे तिच्या सासूनं शिकवलं होतं. ताई तसंच करत गेली. डावी बोटं स्वतःच्या गालावर, उजवी मातीत. चुकून डाव्या हाताचा चिखल तिच्या गालाला लागला आणि तिला एकदम रडू आलं. ही अशी गालाला माती लावून आई जेवायला बसायची आणि अप्पा मुद्दाम कोणाला सांगू द्यायचे नाहीत.

नाक झालं, ओठ झाले. दादा डोकावून गेला. "हुबेहूब," तो म्हणाला. या खोलीत झालेल्या प्रत्येक तोंडाला घरातलं कोणी ना कोणी हेच म्हणत आलं होतं.

ताईनं सळई घेऊन हनुवटी साफ केली आणि सवयीनं, जशी ती रोज जबड्याचा ठसा हातात घेऊन फिरवून बघायची, तसं ते डोकं फिरवून बघितलं. वरचा जबडा किंचित पुढं. खालचा ओठ आत ओढलेला. हनुवटीवर बोट दाबल्यासारखा खड्डा.

मुंगीचा खालचा ओठ तर पुढं असतो. आणि हनुवटी टोकदार, थेट वहिनीची. हा जबडा मुंगीचा नव्हताच. हा जबडा ताई रोज सकाळी आरशात बघायची, आणि तो तिला आईकडून आला होता.

दुसऱ्यांच्या जबड्यांवर पोट भरणारी बाई ती. तिनं वर फळीकडे पाहिलं आणि मग एकेक करून सगळ्या बाहुल्या खाली काढल्या. आपली, दादाची, धाकट्याची, मग आपल्या मुलाची. मुलगा उभाच्या उभा बापावर गेलेला, हे सोयऱ्याधायऱ्यांत सगळ्यांना माहीत. आणि बाहुलीला मात्र तोच खड्डा, तोच आत ओढलेला ओठ. ती बाहुली झाली तेव्हा ताईनं स्वतः ती छातीशी धरली होती आणि म्हटलं होतं, अगदी हाच गं, आई, अगदी हाच.

ती दारात जाऊन म्हणाली, "वहिनी, जरा ये."

वहिनी हात पुसत आली. पाटावरची रांग बघून ती दारातच थबकली.

"तुला माहीत होतं?" ताईनं विचारलं.

वहिनीनं पदराला हात पुन्हा पुसले. ते आधीच कोरडे होते. "हो."

"कधीपासून?"

"लग्न झालं तेव्हापासून. फळीवर यांची बाहुली दाखवली मला, म्हणाले हा मी. मी बघते तर सासूबाई."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार, ताई? तुम्ही सगळे हुबेहूब म्हणत होता. मला वाटलं, या घरात हुबेहूब म्हणजे हेच असेल."

ताई हसायला लागली. हसता हसता ती खाली बसली, मग वहिनीलाही हसू फुटलं, आणि त्या हसण्यात लग्नापासून साठलेलं बरंच काही वाहून गेलं. हसू ओसरल्यावर ताईनं मानेवरचं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं आणि दाबून त्याचा पुन्हा गोळा केला.

"अहो ताई."

"तू कर," ताई म्हणाली. "माझा डावा हात पुन्हा माझ्याच गालावर जाईल. मला दुसरं येतच नाही."

"आई काय म्हणतील?"

"आईचं मी बघते."

वहिनीनं मुंगीला हाक मारली, मांडीवर घेतलं आणि पाट जवळ ओढला. तोंड कसं करायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिचा डावा हात मुलीच्या तोंडावर गेला, कारण तो रोज तिथंच जात होता. तोंड धुताना, ताप बघताना, झोपेत केस बाजूला करताना. मुंगीला गुदगुल्या झाल्या, पण ती हलली नाही. आई कामात असली की हलायचं नाही, एवढं तिला कळत होतं. ताई शेजारी बसून मागितली ती कोरणी हातात देत राहिली, आणि एकदाच म्हणाली, "पापणी जरा जाड ठेव, वाळताना माती आक्रसते."

*

तोंड झालं तेव्हा दादा आणि धाकटा दोघंही तिथं होते. कोणी हुबेहूब म्हणालं नाही. मुंगीचा एक कान बाहेर आलेला होता, तो बाहुलीचाही होता. काहीतरी मागायच्या आधी ती खालचा ओठ जसा पुढं करते तसा तो पुढं होता. दादानं एकदा बाहुलीकडे, एकदा मुलीकडे पाहिलं आणि मग बायकोकडे बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे," पाटावर मांडलेल्या बाहुल्या न्याहाळत धाकटा म्हणाला, "आपण इतकी वर्षं आईला बघून मी मी म्हणत होतो."

"हळू बोल," दादा म्हणाला. "आईला यातलं काही कळायला नको. तिला सहन नाही व्हायचं. ताईनं केली म्हणून सांगू."

"मी तयार आहे," ताई म्हणाली.

"मीसुद्धा," वहिनी म्हणाली, आणि मान खाली घालून पाट पुसायला लागली. दादानं तिची खाली गेलेली मान पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की मधला मार्ग काढणं हेही कोणाच्या तरी मानेवर पाय देणंच असतं.

तेवढ्यात भिंतीला हात लावत लावत आई आली.

आई स्टुलावर बसली. तिनं समोरची बाहुली पाहिली. थरथरता हात तिनं मागे घेतला, ओल्या मातीला धक्का लागू नये म्हणून.

"ही कोणासारखी झालीय?"

"मुंगीसारखी," धाकटा म्हणाला.

"ते दिसतंय मला. आपल्या बाहुल्या अशा नसतात."

ताईनं तोंड उघडलं, पण तिच्याआधी दादा बोलला.

"हिनं केलीय, आई. ताईनं नाही. हिनं केलीय आणि चांगली केलीय."

वहिनीचा हात पाटावर थांबला.

आईनं पाटावरची रांग पाहिली. बाहुल्या फळीवरून खाली का काढल्या असतील, हे तिला कोणी सांगितलं नाही. तिनं एकेकीकडे पाहिलं, डोळे बारीक करून, दुकानात माल निवडावा तसं. मुलाची, लेकीची, नातवाची. मग नकळत तिचा डावा हात उठला आणि स्वतःच्या हनुवटीवर गेला. बोट खड्ड्यात बसलं.

हे तिला कधीच दिसलं नव्हतं. मूल समोर बसवायचं, ते पळून जायचं, आणि मग ती डोळे मिटून काम करायची. डोळे मिटले की ते मूल तिला लख्ख दिसायचं. हाताखाली मात्र तिचंच हाड असायचं. तिला हसू यावं तसं वाटलं आणि ते आलं नाही. रांगेच्या टोकाला अप्पांची लहानपणीची बाहुली होती, त्यांच्या आईनं केलेली. धारदार नाक. अप्पांचं नाक तर जन्मभर बसकं.

"हे सासूबाईंचं नाक," ती म्हणाली. "अगं बाई. मी या नाकाकडे बघून तुमच्या अप्पांना म्हणायची, मोठेपणी नाक बिघडलं तुमचं."

धाकटा हसला, पण कोणी साथ दिली नाही म्हणून थांबला.

"मगाशी तू विचारलंस," आई त्याला म्हणाली, "हिला का नाही शिकवलं. सांगते. माती हिच्याकडे गेली, भट्टी दादाकडे गेली. दुकानदार आता हिच्याशीच बोलतो. तोंडंही दिली असती तर माझ्याकडे काय राहिलं असतं? म्हणून नाही शिकवलं. दुसरं काही कारण नाही."

वहिनीला यावर बोलायला पुष्कळ होतं. पण आईचा उजवा हात आता कोणी धरलेला नव्हता आणि तो मांडीवर सारखा हलत होता. तिला ते बघवेना.

"शिकवलं नाहीत ते बरंच झालं," ती म्हणाली. "नाहीतर मुंगीलाही माझी हनुवटी चिकटली असती."

"ती चिकटलीच आहे," ताई म्हणाली. "ती खरीच तुझी आहे."

आईनं मुंगीला जवळ बोलावलं. नात रोज समोर असायची, पण आज आईनं तिला खिडकीकडे वळवून उजेडात पाहिलं. कान, ओठ, टोकदार हनुवटी. आपलं काही कुठं सापडतं का, हे ती शोधत होती, आणि तिच्या तिन्ही मुलांना ते कळलं. कोणीतरी भुवया तरी तुझ्या आहेत म्हणून सांगावं असं दादाला वाटलं, पण भुवया वहिनीच्याच होत्या.

"माझं काहीच नाही हिच्यात," आई म्हणाली.

"हट्ट तुमचाच आहे," वहिनी म्हणाली.

यावर आई हसली. मग ती बाहुल्यांच्या रांगेकडे बघत राहिली.

"आम्ही सुना," ती म्हणाली, "सासूबाई, मी, तू. शाळेचं वय उलटल्यावर आलो या घरात, म्हणून आमची बाहुली कधी झालीच नाही. सगळ्यांत मी आहे आणि माझी म्हणून एक नाही." तिनं पाटावरच्या भांड्याकडे हात केला. "माती उरलीय का?"

"आहे."

"मग माझी कर."

वहिनीनं ताईकडे पाहिलं. ताईनं आपली कोरण्यांची गुंडाळी तिच्यापुढं सरकवली आणि मुंगीला घेऊन बाजूला झाली.

वहिनीनं माती घेतली, तळव्यावर फिरवून गोळा केला, पाटावर बसवला. अंगठा त्यावर टेकला आणि तिथंच थांबली. इतकी वर्षं तिनं या बाईचे पाय चेपले होते, पाठ चोळली होती, औषध भरवलं होतं. तोंडाला हात कधी लावला नव्हता.

"नुसतं बघून होणार नाही," आई म्हणाली. "हात इकडे आण."

वहिनीनं डावा हात पदराला पुसला आणि सासूच्या गालावर ठेवला. अगदी हलका, जेमतेम टेकवल्यासारखा. आईनं डोळे मिटले.

"दाब की जरा," ती म्हणाली. "हाड आत आहे."